ओझचे निष्ठावंत

'द वंडरफुल विझार्ड ऑफ ओझ' हे लायमन फ्रँक बाउम यांचे पुस्तक १९०० साली शिकागोच्या जॉर्ज एम. हिल कंपनीने प्रसिद्ध केले. कॅन्ससच्या रखरखीत माळरानावर काका-काकूंकडे वाढणारी डोरोथी ही अनाथ मुलगी टोटो या कुत्र्यासह चक्रीवादळात सापडते आणि घरासकट उडून ओझ नावाच्या देशात पडते. ज्या दुष्ट चेटकिणीच्या अंगावर घर कोसळते, तिचे चांदीचे बूट डोरोथीकडे येतात. मेंदू हवा असलेले बुजगावणे, हृदय हवे असलेला पत्र्याचा लाकूडतोड्या आणि हिंमत हवी असलेला भित्रा सिंह तिला वाटेत भेटतात. पिवळ्या विटांच्या रस्त्याने चौघे पाचूनगरीच्या जादूगाराकडे जातात, तर तो निघतो ओमाहाचा सर्कशीतला माणूस, बलूनमधून भरकटत तिथे पोचलेला. पाचूनगरी हिरवी दिसते तीसुद्धा प्रत्येकाच्या डोळ्यांवर सक्तीने चढवलेल्या हिरव्या चष्म्यामुळे.

या गोष्टीवर पुढे नाटके, चित्रपट, कादंबऱ्या, चित्रकथा यांची रास पडली. पण तिचा सव्वाशे वर्षांचा इतिहास केवळ लेखक-दिग्दर्शकांच्या नावांनी सांगता येत नाही. कारण ओझचा देश वाढवला, जपला, त्याचे नकाशे काढले आणि वेळप्रसंगी ग्रंथपालांशी वाद घालून तो वाचवला तो त्याच्या चाहत्यांनी. अमेरिकेतील संघटित वाचक-चाहत्यांच्या जुन्या परंपरांपैकी ही एक आहे, आणि तिच्यात पहिल्यापासून दोन तट आहेत: पुस्तकाचे आणि पडद्याचे.

बाउम यांचा जन्म १८५६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील चिटेनँगो गावी झाला. नाटक कंपनी, कोंबड्यांची पैदास, दुकान, वृत्तपत्र, चिनी मातीच्या भांड्यांची फिरती विक्री असे बरेच उद्योग त्यांनी केले आणि त्यांतले बहुतेक बुडाले. डकोटा प्रांतातील ॲबर्डीन येथे १८८८ मध्ये काढलेले 'बाउम्स बझार' हे दुकान दोन वर्षेही धड चालले नाही. दुष्काळाने पिचलेल्या त्या सपाट प्रदेशाचा करडा रंग पुढे पुस्तकातल्या कॅन्ससला मिळाला. सासूबाई मटिल्डा जॉस्लिन गेज या स्त्री-मताधिकार चळवळीतील मोठ्या नेत्या. मुलांना सांगतोस त्या गोष्टी लिहून काढ, असा त्यांचा जावयाला आग्रह असे. ओझमध्ये सत्ता बहुधा मुलींच्या आणि बायकांच्या हाती असते, याचे मूळ अभ्यासक या घरातल्या वातावरणात शोधतात.

पुस्तकाचा पहिला अवतार चित्रकार डब्ल्यू. डब्ल्यू. डेन्स्लो यांच्याशिवाय उभाच राहिला नसता. २४ रंगीत चित्रपाने, आणि डोरोथी जिथे जाईल त्या प्रदेशाप्रमाणे पानावरच्या चित्रांचा बदलणारा रंग, असा थाट त्या काळच्या मुलांच्या पुस्तकांत दुर्मीळ होता. पुढे लेखक-चित्रकारांचे बिनसले. दुसऱ्या पुस्तकापासून जॉन आर. नील यांची चित्रे आली आणि बहुतेक निष्ठावंतांच्या डोळ्यांपुढचा ओझ हा नील यांचाच राहिला आहे.

बाउम यांना मालिका लिहायचीच नव्हती. १९०२ साली शिकागोत या गोष्टीवर संगीत नाटक आले. पुढच्या वर्षी ते ब्रॉडवेवर पोचले आणि नंतर कित्येक वर्षे गावोगाव फिरले. त्यात टोटोच्या जागी इमोजीन नावाची गाय होती आणि मूळ कथेपेक्षा राजकीय कोट्यांना अधिक महत्त्व होते. म्हणजे रूपांतर मूळ पुस्तकाशी इमान राखत नाही, ही तक्रार पहिल्या रूपांतराइतकीच जुनी ठरते. गंमत अशी की डोरोथीचे 'गेल' हे आडनाव पुस्तकात नव्हते, ते या नाटकातून आले आणि नंतर बाउम यांनी ते पुस्तकात घेतले. 'विपर्यस्त' रूपांतराने मूळ कथेला दिलेली ही देणगी कडवे पुस्तकनिष्ठही बिनतक्रार वापरतात.

नाटकाच्या यशावर १९०४ मध्ये दुसरे पुस्तक आले, 'द मार्व्हलस लँड ऑफ ओझ'. त्यात डोरोथी नाही. मुलांची पत्रे येऊ लागली, डोरोथीचे पुढे काय झाले? १९०७ च्या 'ओझ्मा ऑफ ओझ'मध्ये तिला परत यावे लागले. बाउम आपल्या प्रस्तावनांतून या पत्रांना उत्तरे देत, मुलांनी सुचवलेल्या कल्पनांचे ऋण मान्य करीत आणि स्वतःला लेखकाऐवजी ओझचा राजइतिहासकार म्हणवीत. या एका युक्तीने वाचकाचे स्थान बदलले. देश खरा आहे, बाउम फक्त तिथल्या बातम्या आणतात, असे ठरले की त्या बातम्यांबद्दल प्रश्न विचारण्याचा हक्क वाचकाकडे आपोआप येतो.

१९१० मध्ये त्यांनी मालिका मिटवण्याचा प्रयत्न केला. 'द एमरल्ड सिटी ऑफ ओझ'च्या शेवटी ओझ देश अदृश्य होतो आणि बाहेरच्या जगाशी त्याचा संपर्क तुटतो. दरम्यान चित्रफिती, काचचित्रे आणि वाद्यवृंद यांची सांगड घातलेल्या एका फिरत्या कार्यक्रमात बाउम यांचे पैसे बुडाले होते. १९११ मध्ये त्यांनी दिवाळे जाहीर केले. १९१३ मध्ये ते ओझकडे परतले, तेव्हा अदृश्य देशातून बातम्या येणार कशा ही अडचण होतीच. बिनतारी संदेशयंत्र वापरा, हा तोडगा एका बालवाचकाने सुचवल्याचे त्यांनी प्रस्तावनेत नोंदवले आहे. 'द लॉस्ट प्रिन्सेस ऑफ ओझ' या १९१७ च्या पुस्तकाचे मूळही एका लहान मुलीच्या पत्रातल्या वाक्यात आहे. चाहत्यांनी कथेत लुडबूड करू नये असे मानणाऱ्यांसाठी हा पुरावा गैरसोयीचा आहे, कारण इथे लुडबूड खुद्द लेखकाच्या निमंत्रणावरून सुरू झाली.

बाउम १९१९ मध्ये वारले. त्यांची ओझची चौदा पुस्तके झाली होती, शेवटचे त्यांच्या मृत्यूनंतर आले. पण प्रकाशक रायली अँड ली यांना दरवर्षी नाताळच्या तोंडावर नवे ओझ पुस्तक हवे होते. दिवाळी अंकाची वाट पाहणाऱ्या घरांना ही सवय समजावून सांगायला नको. फिलाडेल्फियाच्या रूथ प्लम्ली थॉम्पसन यांनी १९२१ ते १९३९ या काळात न चुकता वर्षाला एक अशी एकोणीस पुस्तके लिहिली, म्हणजे बाउम यांच्याहूनही पाच अधिक. त्यांचे पहिले पुस्तक मात्र प्रकाशकाने बाउम यांच्या नावावर खपवले. नंतर चित्रकार नील यांची तीन, जॅक स्नो यांची दोन, रेचल कॉसग्रोव्ह यांचे एक आणि १९६३ मध्ये एलॉइज व लॉरेन मॅकग्रॉ या मायलेकींचे एक, अशी एकूण चाळीस पुस्तके अधिकृत मानली जातात. चाहते त्यांना 'फेमस फॉर्टी' म्हणतात.

यांतल्या जॅक स्नो यांची कहाणी मुद्दाम सांगण्याजोगी आहे. बाउम गेले त्या वर्षी ते बारा वर्षांचे झाले. त्यांनी प्रकाशकाला पत्र लिहून रिकाम्या झालेल्या राजइतिहासकाराच्या पदासाठी स्वतःचे नाव सुचवले. प्रकाशकाने नकार दिला. १९४६ मध्ये त्याच प्रकाशनगृहाने स्नो यांचे 'द मॅजिकल मिमिक्स इन ओझ' छापले. १९५४ मध्ये स्नो यांनी ओझमधील शेकडो पात्रांचा 'हूज हू इन ओझ' हा चरित्रकोश तयार केला. राजा असो की बोलणारी बरणी, प्रत्येकाची नोंद गंभीरपणे करणारा हा ग्रंथ चाहत्यांच्या संशोधनाचा पाया ठरला. १९५६ मध्ये स्नो वारले. त्यांनी जमवलेल्या ओझप्रेमींच्या पत्त्यांतून पुढची संघटना उभी राहिली.

ती उभी केली तेरा वर्षांच्या मुलाने. न्यूयॉर्कच्या जस्टिन शिलर याने १९५७ मध्ये 'इंटरनॅशनल विझार्ड ऑफ ओझ क्लब' स्थापन केला, सभासद सोळा. 'द बाउम ब्यूगल' हे क्लबचे नियतकालिक त्याच वर्षी सुरू झाले. पहिले अंक चार पानांच्या घरगुती पत्रकासारखे होते. हळूहळू त्यात आवृत्त्यांच्या सूची, चित्रकारांची चरित्रे, नाटकांच्या जाहिरातींचे पुनर्मुद्रण आणि समीक्षा येऊ लागली. बाउम यांच्या पुस्तकाची पहिली आवृत्ती नेमकी कोणती, हे ठरवताना बांधणीवरचा शिक्का, चित्रांतली एखादी चुकलेली रंगछटा, जाहिरातीच्या मजकुराभोवतीची चौकट असे तपशील पाहावे लागतात. ते ज्ञान विद्यापीठांत नव्हे, या क्लबात जमले. शिलर स्वतः पुढे दुर्मीळ बालपुस्तकांचे नामांकित विक्रेते झाले. क्लबच्या आरंभीच्या धुरिणांत गणिती कोड्यांचे प्रसिद्ध लेखक मार्टिन गार्डनरही होते.

गार्डनर यांना ओझची बाजू घ्यावी लागली, याचे कारण त्या काळचे ग्रंथपाल. लोकप्रिय मालिका म्हणजे हलका माल, अशी समजूत बालवाङ्मयाच्या जगात पक्की होती. १९५७ मध्ये डेट्रॉइटच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या संचालकांनी या पुस्तकांत मुलांना उन्नत करणारे काही नाही, अशा अर्थाचे विधान केले आणि देशभर वाद पेटला. १९५९ मध्ये फ्लोरिडाच्या राज्य ग्रंथपालांनी ज्या मालिका विकत घेऊ नयेत आणि भेट आल्या तरी स्वीकारू नयेत असे कळवले, त्यांत ओझही होते. अमेरिकेचे सर्वांत लाडके बालपुस्तक आणि अमेरिकेचीच ग्रंथालये त्याला दाराबाहेर ठेवतात, ही विसंगती त्या क्षेत्राच्या लौकिकाला फारशी शोभत नाही. त्याच १९५७ मध्ये गार्डनर आणि रसेल नाय यांचे 'द विझार्ड ऑफ ओझ अँड हू ही वॉज' हे पुस्तक मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटी प्रेसने काढले आणि बाउम यांच्याकडे अभ्यासविषय म्हणून पाहण्यास सुरुवात झाली. १९७३ मध्ये मायकल पॅट्रिक हर्न या तरुण अभ्यासकाने 'द ॲनोटेटेड विझार्ड ऑफ ओझ' ही टिपांसह आवृत्ती सिद्ध केली. तोही क्लबच्याच मुशीतला.

क्लबच्या मेळाव्यांची पहिली मोठी परंपरा १९६१ मध्ये इंडियानात सुरू झाली. १९६४ पासून कॅलिफोर्नियात 'विंकी कन्व्हेन्शन' भरू लागले. प्रश्नमंजूषा, दुर्मीळ पुस्तकांचे लिलाव, वेशभूषा, शोधनिबंध असा तिथला रिवाज. इथल्या वादांचा विषय बाहेरच्याला पोरकट वाटेल, पण त्यांची शिस्त तशी नसते. नमुना म्हणून नकाशाचा वाद घेता येईल. पहिल्या पुस्तकात मंचकिन लोकांचा निळा प्रदेश पूर्वेला आणि विंकींचा पिवळा प्रदेश पश्चिमेला आहे. १९१४ च्या 'टिक-टॉक ऑफ ओझ'मध्ये छापलेल्या अधिकृत नकाशात मात्र मंचकिन डावीकडे आणि विंकी उजवीकडे दिसतात. बाउम यांनी काचेवरचे चित्र उलट्या बाजूने पाहून नकाशा काढला असावा, असा एक तर्क. ओझमध्ये दिशाच वेगळ्या असतात, असा दुसरा. थॉम्पसन यांनी तो नकाशा प्रमाण मानून काही प्रवास उलटे लिहिले, त्यामुळे गुंता वाढला. अखेर क्लबच्या जेम्स हाफ आणि डिक मार्टिन यांनी चाळीसही पुस्तकांतले उल्लेख जुळवून नवे नकाशे तयार केले आणि क्लबने ते १९६० च्या दशकात छापले. वाद अर्थात मिटला नाही.

असेच इतर प्रश्न: ओझमध्ये कोणी मरते का? तिथे पैसा चालतो का? ओझची राणी ओझ्मा हिचा जन्म कधीचा? बाउम स्वतः विसराळू होते. एका पुस्तकात दिलेले उत्तर ते दुसऱ्यात खुशाल बदलत. चाहत्यांचे बरेचसे कल्पक लेखन या विसराळूपणाच्या भेगांतून उगवले. १९७१ पासून क्लबने 'ओझियाना' हे खास कथांचे वार्षिक काढले. शिवाय मोठ्या प्रकाशकांनी मालिका सोडल्यावर वयोवृद्ध झालेल्या लेखकांची नवी पुस्तके क्लबने स्वतः प्रकाशित केली. थॉम्पसन यांचे 'यांकी इन ओझ' हे त्यांतले १९७२ चे. वाचकांनी वर्गणी काढून आपल्या लेखिकेला पुन्हा छापात आणावे, हे सहसा घडत नाही.

आता पडद्याकडे. ओझवर मूकपटही निघाले. १९१४ मध्ये खुद्द बाउम यांनी चित्रपट कंपनी काढून पाहिली आणि तीही चालली नाही. पण जगाला माहीत असलेला ओझ १९३९ चा, मेट्रो-गोल्डविन-मेयरचा. सोळा वर्षांची ज्यूडी गार्लंड डोरोथी झाली. दिग्दर्शक म्हणून व्हिक्टर फ्लेमिंग यांचे नाव असले तरी रिचर्ड थॉर्प, जॉर्ज क्युकर आणि किंग व्हिडॉर यांनीही काम केले. कॅन्ससची दृश्ये व्हिडॉर यांची. पत्र्याच्या लाकूडतोड्याची भूमिका आधी बडी एब्सन यांच्याकडे होती. ॲल्युमिनियमच्या भुकटीच्या रंगभूषेने ते इस्पितळात पोचले आणि भूमिका जॅक हेली यांच्याकडे गेली. चेटकीण झालेल्या मार्गारेट हॅमिल्टन आगीच्या दृश्यात भाजल्या. टोटो झालेल्या टेरी या कुत्रीला आठवड्याला १२५ डॉलर मिळत, ही रक्कम मंचकिन झालेल्या ठेंगण्या नटांच्या कमाईपेक्षा जास्त होती. चित्रीकरणाचे असे तपशील चाहत्यांना तोंडपाठ असतात. मंचकिन झालेल्या एका नटाचा गळफास पडद्यावर दिसतो, ही दंतकथाही तेच खोडून काढतात. मागे हलणारी आकृती एका मोठ्या पक्ष्याची आहे.

सुमारे २८ लाख डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने पहिल्या फेरीत नफा दिला नाही. त्याला अमर केले दूरचित्रवाणीने. ३ नोव्हेंबर १९५६ रोजी सीबीएसने तो प्रथम दाखवला, तेव्हा अंदाजे साडेचार कोटी लोकांनी पाहिला. सिंह झालेले बर्ट लार, ज्यूडीची दहा वर्षांची मुलगी लायझा मिनेली आणि ओझचा बालतज्ज्ञ जस्टिन शिलर यांनी त्या रात्री प्रास्ताविक केले. दुसऱ्या वर्षी क्लब काढणारा मुलगा तो हाच. १९५९ पासून चित्रपट दरवर्षी दाखवला जाऊ लागला आणि अमेरिकेतल्या दोन पिढ्यांच्या बालपणाचा तो ठरलेला दिवस झाला. बहुतेकांकडे कृष्णधवल संच होते. कॅन्ससचा तपकिरी पट ओझमध्ये येताच रंगीत होतो, हे अनेकांना कित्येक वर्षांनी रंगीत संच घरात आल्यावर कळले.

इथून दोन निष्ठांचा झगडा सुरू होतो. चित्रपटात चांदीचे बूट माणकांचे झाले, कारण टेक्निकलरमध्ये लाल रंग खुलतो. पटकथाकार नोएल लँगली यांनी तो बदल केला. पुस्तकातली एका डोळ्याची, थोड्याच पानांत संपणारी चेटकीण हिरव्या कातडीची आणि सर्वव्यापी झाली. दोन भल्या चेटकिणींची एक झाली. हे सारे पुस्तकनिष्ठ एक वेळ गिळतात. गिळता येत नाही तो शेवट: चित्रपटात ओझ हे डोरोथीच्या डोक्यातले स्वप्न ठरते. पुस्तकात ती खरोखर गेलेली असते आणि काकांना मधल्या काळात नवे घर बांधावे लागलेले असते. घरासारखे दुसरे काही नाही, हा चित्रपटाचा निष्कर्ष तर बाउम यांनी स्वतःच पुढे मोडीत काढला. १९१० च्या पुस्तकात शेत गहाणापायी जाण्याची वेळ येते, तेव्हा डोरोथी काका-काकूंना घेऊन कायमची ओझला राहायला जाते. पुस्तकनिष्ठांचा मुद्दा इथे बळकट आहे. पण चित्रपट नसता तर चाळीस पुस्तकांपैकी किती आज छापील राहिली असती, या प्रश्नाला त्यांच्याकडे नीट उत्तर नाही.

मुंबईचा संबंध या चित्रपटनिष्ठेशी येतो. एमजीएमचे स्वतःचे मेट्रो चित्रपटगृह धोबीतलावाला १९३८ मध्ये उभे राहिले होते आणि हॉलिवूडचे संगीतपट शहराला परके नव्हते. सलमान रश्दी यांनी वयाच्या दहाव्या वर्षी मुंबईत लिहिलेल्या पहिल्या गोष्टीचे नाव 'ओव्हर द रेनबो' होते. १९९२ मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटसाठी त्यांनी या चित्रपटावर छोटे पुस्तक लिहिले. घरी परतण्याच्या उपदेशापेक्षा घर सोडून जाण्याची ओढ हाच चित्रपटाचा गाभा आहे, असे ते त्यात मांडतात. स्थलांतरिताचे हे वाचन पुस्तकनिष्ठांच्या बाजूला जाऊन मिळते, तेही पुस्तकापेक्षा चित्रपटावर लोभ असलेल्या लेखकाकडून.

सोव्हिएत रशियात तिसरीच शाखा वाढली. गणिताचे प्राध्यापक अलेक्सांद्र वोल्कोव्ह यांनी १९३९ मध्ये बाउम यांच्या पुस्तकाचे मुक्त रूपांतर 'पाचूनगरीचा जादूगार' या अर्थाच्या रशियन नावाने काढले. डोरोथीची एली झाली, तिला आईवडील मिळाले, टोटोचा तोतोश्का झाला. १९५९ मध्ये लेओनीद व्लादिमीर्स्की यांच्या चित्रांसह सुधारित आवृत्ती आली आणि मागणी इतकी वाढली की वोल्कोव्ह यांनी बाउमशी संबंध नसलेले पुढचे पाच भाग लिहिले. लाकडी शिपायांचे सैन्य उभारणारा उर्फिन ज्यूस हा त्यांतला खलनायक. रशियातील आणि पूर्व युरोपातील कित्येक वाचकांसाठी मूळ पुस्तक हेच आहे.

निष्ठेची कसोटी बाउम यांच्या चरित्रातही लागते. ॲबर्डीनच्या आपल्या साप्ताहिकात डिसेंबर १८९० आणि जानेवारी १८९१ मध्ये, सू नेते सिटिंग बुल यांची हत्या आणि वुंडेड नीचे हत्याकांड यांच्या आगेमागे, त्यांनी मूळनिवासींना समूळ नष्ट करावे अशी मागणी करणारे दोन अग्रलेख लिहिले. ते उपरोधिक होते असा बचाव काहींनी केला आहे, मजकूर मात्र त्याला फारसा आधार देत नाही. २००६ मध्ये बाउम यांच्या वंशजांनी सू जमातीची माफी मागितली. दुसरा वाद निराळा. हेन्री लिटलफील्ड या शिक्षकाने १९६४ मध्ये पिवळी वाट म्हणजे सुवर्णमान, चांदीचे बूट म्हणजे रुपे-चलन, असा राजकीय अर्थ लावला. तो अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत शिरला. बाउम यांचा तसा हेतू असल्याचा पुरावा नाही, हे क्लबच्या अभ्यासकांनी वारंवार दाखवले, आणि पुढे लिटलफील्ड यांनीही ते मान्य केले. पाठ्यपुस्तके मात्र अजून ऐकत नाहीत.

वस्तूंची भक्ती हा पडद्याच्या तटाचा प्रांत. १९७० मध्ये एमजीएमने आपली कोठारे लिलावात काढली, तेव्हा टिकल्यांनी मढवलेले लाल बूट १५,००० डॉलरला गेले. नंतर कळले की एकाहून अधिक जोड होते. आज चार जोड माहीत आहेत. १९७९ मध्ये एक जोड निनावी देणगी म्हणून स्मिथसोनियनकडे आला. तो जतन करण्यासाठी संग्रहालयाने २०१६ मध्ये लोकवर्गणी मागितली आणि तीन लाख डॉलरचे लक्ष्य पार झाले. ज्यूडीच्या जन्मगावी, मिनेसोटातील ग्रँड रॅपिड्सच्या संग्रहालयात ठेवलेला दुसरा जोड ऑगस्ट २००५ मध्ये चोरीला गेला. चोराला टिकल्यांखाली खरी माणके आहेत असे वाटले होते. एफबीआयने तो २०१८ मध्ये हस्तगत करून तपासणीसाठी स्मिथसोनियनकडे नेला, तेव्हा दिसले की दोन्ही जोड विजोड आहेत: एकातला डावा दुसऱ्यातल्या उजव्याचा जुळा. ७ डिसेंबर २०२४ रोजी हा जोड लिलावात शुल्कासह ३ कोटी २५ लाख डॉलरला विकला गेला.

गावेही भक्तीत मागे नाहीत. चिटेनँगोचे पदपथ पिवळ्या विटांचे आहेत आणि तिथे दरवर्षी ओझ महोत्सव भरतो. कॅन्ससच्या वामेगोत ओझ संग्रहालय आहे. बाउम तिथे कधी राहिले नव्हते, पण गोष्टीने राज्याचे नाव घेतले एवढे पुरे झाले. मंचकिन झालेले नट म्हातारपणी या महोत्सवांचे मानकरी असत. त्यांतले जेरी मॅरेन २०१८ मध्ये, ९८ व्या वर्षी वारले.

पहिल्या पुस्तकाचे स्वामित्व १९५६ मध्ये संपले आणि त्यानंतर रूपांतरांना मोकळे रान मिळाले. कृष्णवर्णीय कलावंतांचे 'द विझ' १९७५ मध्ये ब्रॉडवेवर आले आणि त्याला सात टोनी पुरस्कार मिळाले. १९८५ च्या 'रिटर्न टू ओझ' या चित्रपटात दिग्दर्शक वॉल्टर मर्च यांनी दुसरे-तिसरे पुस्तक एकत्र केले. पात्रे थेट नील यांच्या चित्रांतून उतरलेली, आणि सुरुवातीला डोरोथीला विजेच्या उपचारांसाठी नेले जाते. गाण्यांची अपेक्षा धरून आलेला प्रेक्षक हादरला, चित्रपट पडला आणि पुस्तकनिष्ठांचा लाडका झाला. चित्रपटाने नील यांचा ओझ पडद्यावर आणला, एवढ्यासाठी त्यांनी बाकी सारे माफ केले.

ग्रेगरी मॅग्वायर यांच्या १९९५ च्या 'विकेड' कादंबरीने चेटकिणीला नायिका केले. तिच्यावरचे स्टीव्हन श्वार्ट्झ यांचे संगीत नाटक २००३ मध्ये ब्रॉडवेवर आले ते अजून चालू आहे. नोव्हेंबर २०२४ मधील चित्रपटाने ७० कोटी डॉलरहून अधिक कमावले आणि दुसरा भाग २०२५ मध्ये आला. 'विकेड'चा चाहता हा नवा पंथ आहे. त्याची चेटकीण हिरवी, म्हणजे १९३९ च्या चित्रपटाची. तिच्या बहिणीचे बूट 'विकेड' चित्रपटात चांदीचे, म्हणजे बाउम यांचे. ही मोडतोड निव्वळ आवडीची नाही. लाल बूट ही १९३९ च्या चित्रपटाची निर्मिती असल्याने ते वापरायचे तर हक्क विकत घ्यावे लागतात. 'रिटर्न टू ओझ'साठी डिस्नेने ते घेतले होते.

ऑगस्ट २०२५ पासून लास व्हेगासच्या स्फिअरमध्ये १९३९ चा चित्रपट यंत्रबुद्धीने फुगवून घुमटभर पडद्यावर दाखवला जातो. त्यासाठी तो सुमारे ७५ मिनिटांवर छाटला आहे आणि मूळ चौकटीबाहेरची दृश्ये नव्याने रचली आहेत. एरवी पुस्तकात केलेल्या प्रत्येक फेरफाराचे समर्थन करणारे चित्रपटनिष्ठ आता मूळ कलाकृतीच्या पावित्र्याबद्दल बोलू लागले आहेत, आणि पुस्तकनिष्ठांना त्यात थोडी मजा वाटणे स्वाभाविक आहे. १९३९ च्या चित्रपटाचे अमेरिकेतील स्वामित्व २०३४ च्या अखेरीस संपते. १ जानेवारी २०३५ पासून लाल बूट कोणालाही फुकट वापरता येतील.